दिवेलागणीच्या अलीकडे

मंगलच्या हातात बांगड्यांखेरीज दुसरं काही कधी चढलं नव्हतं. चढलं ते घड्याळ, आणि तेही डोळे गेल्यावर. वाडीला हसायला तेवढं पुरलं.

"आगं मंगल," शेजारची भामाबाई उंबऱ्याला टेकत म्हणाली, "डोळं धड हुतं तवा कवा टायम बघितला न्हाईस. आन् आता घड्याळ व्हय?"

"आता मी टायम बघत न्हाई, भामाआक्का. आता टायमच मला बघतुय."

दोघी हसल्या. आईच्या मनगटावर पट्टा आवळणाऱ्या प्रांजलला मात्र हसू आलं नाही. त्या घड्याळाला काटे नव्हते की आकडे नव्हते. नुसती काळी चकती. माणूस कधी हालतं, कधी निपचित पडतं, अंगावर उजेड कधी पडतो, एवढं ते मुकाट्याने पोटात साठवणार होतं. सांगलीला ती एम. एस्सी. करत होती. तिथल्या प्राणिशास्त्र विभागाच्या कपाटातून, शिकलगार मॅडमच्या नाकदुऱ्या काढून तिने ते आणलं होतं.

मॅडम आधी तयारच नव्हत्या. "प्रांजल, घरचं माणूस अभ्यासाला घेऊ नये. आपल्याला जे हवं असतं, तेच दिसायला लागतं."

"मॅडम, मला दिसेल ते मी मांडीन."

मॅडमनी कपाटाची किल्ली काढून दिली.

तिला काय हवं होतं, हे मॅडमना ठाऊक होतं. मागल्या वर्षी मंगलचे दोन्ही डोळे काचबिंदूने गेले. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग मधलं, आणि एक दिवस भाकरी थापता थापता ती म्हणाली, "धूर लय झालाय गं," तेव्हा चुलीत धूर नव्हताच. मिरजेच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून, यंत्राला हनुवटी टेकवून तपासलं आणि नजर परत येणार नाही म्हणून सांगितलं. ते घरादाराने गिळलं. पण पावसाळ्यापासून नवंच सुरू झालं होतं. मंगलची झोप घरंगळत चालली होती. काही दिवस ती घरासारखी झोपायची, घरासारखी उठायची. मग उठणं रोज थोडं थोडं मागे पडत जायचं, आणि पाहता पाहता सगळा पालटा व्हायचा. भर दुपारी मेल्यासारखी निजायची, आणि गाव झोपलं की अंगण झाडायला घ्यायची, जात्यापाशी जाऊन बसायची, शेळीला "दिवस वर आला, ऊठ" म्हणून उठवायची. पुढे आपलं आपणच ते ताळ्यावर यायचं, आणि पुन्हा घरंगळायचं.

"लोकं म्हणत्यात बाधा हाय," नानासो म्हणाले. प्रांजलचे वडील म्हणजे बोलायला कमी आणि मेंढरांत जास्त रमणारा माणूस. "भावकीतला केरबा म्हणतुय आरेवाडीला घिऊन जावा, बिरोबाच्या पायावर घाला. मी म्हणलं, पोरगी काय म्हणती ते बघू. न्हाईतर जाऊच."

"दादा, बाधा न्हाई ती. तुमचं भिंतीवरचं घड्याळ हाय न्हवं, रोज वाईच मागं पडतं?"

"पडतंय की. बातम्या लागल्या की मी काटा सरकवतो."

"तसंच हाय. माणसाच्या आत बी घड्याळ असतंय. ते जरा मागं पडणारंच. रोज सकाळी दिवस उगवला की डोळं त्याचा काटा सरकवत्यात."

नानासोंनी बायकोकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती, तोंड दाराच्या बाजूला. "मग हिचा काटा आता कोण सरकवणार?" त्यांनी हळूच विचारलं.

प्रांजल म्हणाली, "तेच तर बघायचंय."

आशेला जागा होती, म्हणून तर घड्याळ आणलं होतं. डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा असतात, की त्यांना माणूस, झाड, रंग यांतलं काही दिसत नाही. उजाडलं की उजाडलं आणि मावळलं की मावळलं, एवढी वर्दी त्या मेंदूला देतात. पार आंधळ्या झालेल्या काहींच्या त्या पेशी जिवंत असतात. त्यांना जग दिसत नाही, पण शरीराला दिवस कळतो. हे वर्गात ऐकलं त्या दिवशी प्रांजल डबा न खाताच कृष्णेच्या घाटावर जाऊन बसली होती. आईची झोप काळजीने बिघडली असेल, डोळे गेल्याच्या धसक्याने बिघडली असेल. रोज वेळेवर उन्हात बसवली, तर येईल ताळ्यावर. आत कुठेतरी एखादी खिडकी उघडी असेल. असेलच.

उन्हात बसायला तर मंगलला कुणी सांगायला नको होतं. सूर्य पाहिल्याशिवाय तिच्या तोंडात घास जात नसे. प्रांजल बारावीला विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी पास झाली, त्या साली तिने बिरोबाला शब्द दिला होता. पोरगी शिकून खुर्चीवर बसेपर्यंत सूर्य बघितल्याशिवाय अन्न नाही, आणि दिवेलागणी झाली की मग पाणीसुद्धा नाही. पावसाळ्यात चार चार दिवस आभाळ उघडायचं नाही, तेव्हा ती ढगाच्या फटीकडे डोळे लावून घरामागच्या परड्यात उभी असायची. एवढासा काठ दिसला तरी हात जोडायची आणि मगच चूल पेटवायची. डोळे गेले तरी नेम सुटला नाही. नानासो तिला धरून पूर्वेकडे तोंड करून बसवत. ती विचारी, "आला का वं?" ते म्हणत, "आला." मग ती हात जोडी.

"पण तुला दिसत न्हाई न्हवं," भामाबाई एकदा बोलून गेली.

"मला दिसत नसंल. त्याला मी दिसतीया की."

घास मात्र आता उतरत नव्हता. उलट्या पालट्याच्या दिवसांत सूर्य उगवेल तेव्हा तिच्या अंगात मध्यरात्र असायची. नानासो भाकरीचा तुकडा हातात देत, आणि ती तो हातात धरूनच पेंगत राही. भूक लागायची तेव्हा सूर्य नसायचा, दिवा लागून गेलेला असायचा. पाणीही वर्ज्य. गळ्याची हाडं वर आली होती. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात घालूनही सैल पडत होता, हे प्रांजलने पाहिलं आणि काही न बोलता घरातली सुई तापवून पट्ट्याला आणखी एक भोक पाडलं.

"भिजवू नकोस बरं का. आन् काढू बी नकोस."

"न्हाई गं. एवढी शिकलेली लेक घड्याळ बांधून गेली, आन् मी काढंन?" मंगलने त्या चकतीवरून अंगठा फिरवला. "हे तुला काय सांगणार?"

"तुझ्या अंगाला दिवस कळतुय का, ते."

मंगल जरा थांबली. "आन् न्हाई कळला तर?"

"कळंल," प्रांजल म्हणाली. मॅडमचे शब्द तेव्हा तिच्या कानाशी आले, पण तिने ते आत घेतले नाहीत.

दिवाळी झाली. प्रांजल सुट्टीत येऊन गेली तेव्हा आईच्या हातचं घड्याळ सोडवून घेऊन आली. वडूजहून विट्यामार्गे सांगलीला येणाऱ्या एस. टी.त ती ते पदराआड धरल्यासारखं पर्सच्या आतल्या कप्प्यात धरून बसली होती. विट्याला कंडक्टरने "ताई, पर्स वर ठेवा" म्हटलं, तरी तिने ठेवली नाही.

प्रयोगशाळेत मॅडमनी ते संगणकाला जोडलं. पडद्यावर ओळी उमटू लागल्या. एका दिवसाची एक ओळ, तिच्याखाली दुसऱ्या दिवसाची. जागेपणी काळ्या खुणा, झोपेत कोरी जागा. आणि त्याच ओळींत, अंगावर ऊन पडलं तिथे पिवळी खूण.

पिवळ्या खुणा आधी दिसल्या. कुणी ओळंबा लावून भिंत चढवावी तशा त्या एकाखाली एक उभ्या होत्या. रोज सूर्य उगवताना. एकही दिवस चुकला नव्हता. प्रांजलच्या डोळ्यांसमोर अंगण आलं, पूर्वेकडे तोंड, जोडलेले हात.

मग तिने कोऱ्या जागा पाहिल्या. त्या सरळ खाली येत नव्हत्या. प्रत्येक ओळीत थोड्या थोड्या उजवीकडे सरकत होत्या, डोंगराच्या उतरणीसारख्या. पिवळ्या खुणांपाशी येऊन अडत नव्हत्या, वळत नव्हत्या. त्यांना आरपार छेदून पलीकडे निघून जात होत्या. सूर्य म्हणून काही आहे, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

प्रयोगशाळेत पंख्याचा आवाज येत राहिला. प्रांजलने पडद्याला बोट लावलं आणि ती तिरपी रेघ वरून खालपर्यंत ओढली, जणू बोटाने ती सरळ होणार होती.

"अगदी सुंदर नोंद आहे," मॅडम शेवटी म्हणाल्या, आणि लगेच त्यांनाच त्या शब्दाची लाज वाटली असावी. "म्हणजे, स्पष्ट आहे. काचबिंदूत नसच सुकते, प्रांजल. त्या पेशीही तिच्याबरोबर गेल्या."

"म्हणजे ती रोज उन्हात बसते ते..."

"उन्हाची ऊब तिला लागते. उजेड पोचत नाही."

प्रांजलने मान हलवली. नजर गेली, हे मिरजेला ऐकलं तेव्हा ती रडली होती. आता तिला रडू आलं नाही. त्या वेळी आईला जग दिसेनासं झालं होतं. आज तिला कळलं की ज्याच्यासाठी आई उपाशी राहते, तो देवच आईपर्यंत पोचत नाही. आणि घरात हे ठाऊक असलेली ती एकटीच होती.

"मला दिसेल ते मांडीन, म्हणाले होते मी," ती म्हणाली.

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "एक गोळी असते. रात्रीची वर्दी देणारी. दिवसाची वर्दी नाही मिळत, तर निदान रात्रीची. काहींना लागू पडते, काहींना नाही. मिरजेच्या डॉक्टरांना विचार. पण रोज, ठरल्या वेळी, जेवणखाण आटोपलं की झोपायच्या आधी. एक दिवस चुकवायची नाही."

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, तीही अशीच ताकीद देऊन. पुढल्या शनिवारी प्रांजल ती घेऊन वाडीला आली.

ती पोचली तेव्हा उन्हं कलली होती. आई नुकती उठली होती. पालटा पुरता झाला होता, दिवसभर झोपून ती आता ताजीतवानी होती. अंगणात खांबाला धरून उभी होती, तोंड पश्चिमेकडे. मावळतीचं ऊन तिच्या कपाळावर होतं.

"कोण? प्रांजू? पहाटंच्या गाडीनं आलीस व्हय गं?" तिने हात जोडले. "बरं झालं. तूच सांग. दिसला का?"

प्रांजलने सूर्याकडे पाहिलं. माळाच्या कडेला तो लाल होऊन टेकला होता. दिसत तर होता.

तेवढ्यात वाघराच्या जाळीकडून मेंढरांचं बें बें ऐकू आलं, नानासोंची शीळ आली, कुत्र्याचं भुंकणं आलं. मंगलने कान टवकारले. जोडलेले हात हळूहळू खाली आले.

"मेंढरं परतली की," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "सांगायचं न्हाईस व्हय? भोळी समजलीस मला?"

"आये, मी सांगणारच हुते..."

"असू दे, असू दे. चुकून मावळत्याला हात जोडलं. त्यो काय परका हाय?" ती हसली, पण खांब तिने घट्ट धरला होता. "घड्याळानं काय सांगितलं?"

प्रांजलने तिला खांबापाशी खाली बसवलं. वाटेत तिने बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आता उपयोगी पडेना. "न्हाई कळत, आये. अंगाला दिवस कळत न्हाई."

मंगलने रिकाम्या मनगटावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "मला ठावं हुतं. तू एवढ्या आशेनं बांधून गेलीस, म्हणून बोलले न्हाई."

"एक गोळी हाय. रोज घ्यायची. झोप ताळ्यावर येईल, मग जेवण बी जाईल."

"घीन की. सकाळच्याला?"

"न्हाई. रात्री, झोपायच्या आधी."

"दिवा लागल्यावर?" मंगलने मान हलवली. आवाज मऊच होता, पण त्यात जागा नव्हती. "मग न्हाई गं बाय. दिवा लागल्यावर घशाखाली काय उतरायचं न्हाई. थेंबाचं बी तेच झालं."

"कसले थेंब?"

"डोळ्याचं. डोळं जायच्या आधी त्या वडूजच्या कॅम्पातल्या डाक्टरनं दिल्यालं. रोज झोपताना एक थेंब म्हणाला. पैल्या दिवशी घातला, तर घशात कडूजार उतरलं. म्हंजे पोटातच गेलं न्हवं? नेम मोडला म्हणून दुसऱ्या दिवशी उपास केला, आन् मग न्हाई घातलं."

प्रांजलला वाटलं, अंगण एका बाजूने उचललं गेलंय. "मग सकाळी घालायचे, दुपारी घालायचे!"

"डाक्टर म्हणाला झोपताना. त्याचं ऐकायचं तर रातीलाच. भलत्या येळंला घालून काय उपेग?"

"मी फोनवर विचारत हुते, आये. दर आठवड्याला विचारत हुते, थेंब हायत का म्हणून!"

"हुतं की. तुझं दादा न चुकता आणत हुतं."

भरलेल्या बाटल्या. देवळीत, कुंकवाच्या करंड्याशेजारी, एकीमागे एक. प्रांजलने त्या पाहिल्याही होत्या, आणि आई किती नीट ठेवते असं तिला वाटलं होतं. आईचा नेमही तिला ठाऊक होता. ज्याच्यासाठी नेम होता ती पोरगी तीच. सांगलीत बसून ती डोळ्याचा पडदा आणि त्याची नस वहीत रंगवत होती, तेव्हा इथे तिच्याच नावाने ती नस सुकत होती. हे दोन्ही तिने कधी एकाशेजारी एक ठेवून पाहिलं नव्हतं.

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "माझ्या खुर्चीसाठी व्हय गं? नको मला खुर्ची! सोड ह्यो नेम. आजच्या आज सोड."

"तुला न्हाई बोलले मी. देवाला बोलले."

"देवानं सांगितलं का डोळं दे म्हणून?"

"न्हाई," मंगल म्हणाली. "त्यानं न्हाई मागितलं. त्याला बोल लावू नकोस." तिचा हात चाचपडत आला, प्रांजलच्या तोंडावरून फिरला, ओला झाला. "रडू नकोस. तिन्हीसांजंचं रडू न्हाई."

नानासो मेंढरं कोंडून आले होते. दोघींना पाहून ते दाराशीच थबकले. सगळं ऐकलं असावं. पायातली चप्पल न काढता ते तसेच खाली बसले, आणि हातातल्या काठीकडे बघत राहिले. बाटल्या आणणारे तेच होते.

अंधार दाटू लागला. भामाबाईच्या घरातून उदबत्तीचा वास आला, मग वाडीत एकेका घरी देवापुढे दिवे लागले. सवयीने प्रांजल उठली. समईत तेल घातलं, वात सारखी केली. काडी ओढणार, तोच मंगल म्हणाली,

"थांब."

प्रांजल थांबली.

"दिवा जरा थांबव. ती गोळी कवाची हाय, तवा दे. मग लाव."

नानासोंनी मान वर केली. "आगं, तिन्हीसांजा झाल्या. लक्ष्मी यायची येळ. घरात दिवा न्हाई?"

"ठावं हाय मला." उभ्या जन्मात मंगलने दिवेलागणी टळू दिली नव्हती. प्रांजलचा जन्म झाला त्या दिवशीही कळा सोसत आधी दिवा लावून मग ती निजली होती, असं भामाबाई सांगे. "नेम दिवा लागल्यापासनं हाय. न्हाई लागला, तर न्हाई मोडत. उशिराचं पाप माझ्या माथी. देवाला मी सांगंन."

प्रांजलच्या हातात काडी तशीच होती. तिच्या मनात जे आलं ते तिने गिळायचा प्रयत्न केला, पण ते गिळलं जाईना.

"आये, मग तवाच का न्हाई थांबवलास? थेंबासाठी?"

बाहेर शेळीने पाय झाडला.

"तवा दिसत हुतं गं," ती म्हणाली. "अंधार पडल्याला दिसत हुता. देवाला अंधारात बसल्यालं बघवायचं न्हाई. हात आपसूक काडीकडं जायचा." मग, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं, "आता काय. आता मी थांबू शकती."

ते तिघे तसेच बसून राहिले. भामाबाई एकदा दारात डोकावली, "आगं मंगल, दिवा न्हाई लावला?" म्हणाली, आणि नानासोंचा चेहरा पाहून परत गेली. प्रांजलने अंदाजाने आईला ताट वाढलं. दिवा लागला नव्हता, म्हणून मंगल जेवली. कितीतरी दिवसांनी तिच्या अंगातली भूक आणि हातातला घास एका वेळी आले होते. अंधारात तिच्या चावण्याचा आवाज तेवढा येत होता. मग प्रांजलने तिच्या तळहातावर गोळी ठेवली, तांब्या तोंडाशी धरला. ती लागू पडेल की नाही, हे तिला माहीत नव्हतं. डोळ्यांना आता कशाचाच उपयोग नव्हता, हे माहीत होतं.

"गेली," मंगल म्हणाली. "लाव आता."

प्रांजलने काडी ओढली. समईची ज्योत हलली, स्थिर झाली. देव उजेडात आले.

"लागला?"

"लागला, आये."

मंगलने हात जोडले. ते देव्हाऱ्यापासून थोडे बाजूला, कोऱ्या भिंतीकडे जोडले गेले होते. प्रांजल तिचा खांदा धरून तिला वळवणार होती. पण तिने हात मागे घेतला. समई उचलली, ज्योत विझू नये म्हणून तळहाताचा आडोसा केला, आणि त्या भिंतीपाशी, आईच्या हातांसमोर नेऊन ठेवली.